कुलूप कशाला म्हणावे

मालवणजवळच्या आमच्या वाडीत चौदा घरे आहेत. गणपती आणि मे महिना सोडला तर त्यांतल्या नऊ घरांच्या दारांना वर्षभर कुलूप असते. ‘त्या घराला कुलूप लागले’ असे आपल्याकडे कुणी म्हटले की ऐकणारा क्षणभर गप्प होतो. आमच्या दारावरही असेच एक कुलूप आहे, पितळेचे, तळहाताएवढे. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी कुलूप दोन पावसाळ्यांत गंजून धरते म्हणून वडिलांनी पितळेचे घेतले. त्याची वरची कडी मात्र पोलादाची आहे. गणपतीला घर उघडले की पहिले काम तिला खोबरेल तेल पाजण्याचे.

माझी हयात मुंबईत कस्टम्सच्या कागदपत्रांत गेली. आधी बॅलार्ड इस्टेटमधले न्यू कस्टम हाउस, पुढे न्हावाशेवा. त्या कागदांतून हजारो कुलपे माझ्या हाताखालून गेली, पण प्रत्यक्ष फार थोडी पाहिली. कागदावरच्या कुलपाला वजन असते, किंमत असते, मूळ देश असतो आणि आठ आकड्यांचा कोड असतो. तो कोड चुकला की बाकी सगळे बरोबर असूनही माल अडतो. ही ज्या पुस्तकाची प्रस्तावना आहे, त्याचा विषय तो कोडच आहे. धातूच्या कुलपाला आयात-निर्यातीच्या दरसूचीत कुठे बसवायचे आणि का, एवढाच प्रश्न. एवढ्याशा गोष्टीवर अख्खे पुस्तक कशाला, असे कुणाला वाटले तर त्यांना मी आमच्या घरातून एकदा फिरवून आणणार आहे. त्याआधी थोडे मागचे सांगतो.

आपल्या किनाऱ्याला जकात नवी नाही. जकातीच्या नाक्याला जुनी मराठी ‘मांडवी’ म्हणे आणि बंदराच्या गावांत हे नाव अजून आढळते. ‘जकात’ हा शब्द अरबीतून आला, ‘कुलूप’ही अरबी ‘कुफ्ल’वरून, आणि ‘चावी’ पोर्तुगीज ‘शाव्ह’वरून. म्हणजे दाराला लावायची वस्तू, ती उघडायची वस्तू आणि तिच्यावर भरायचा कर, या तिघांचीही नावे बाहेरून आली. वेंगुर्ल्याला डचांनी १६३७ मध्ये वखार घातली, तिचे अवशेष आजही उभे आहेत. मालवण आणि वेंगुर्ले १८१२ मध्ये इंग्रजांकडे गेले. या सगळ्यांच्या काळात गलबतातून उतरणाऱ्या मालाला एकच प्रश्न विचारला गेला : हे काय आहे?

हा प्रश्न किती बारकाईने विचारता येतो याचा उत्तम नमुना आपल्याच जिल्ह्यातला आहे. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना मिठाविषयी पत्र लिहिले. पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणारे मीठ स्वस्त पडत होते. व्यापारी तिकडे वळले तर संगमेश्वराकडच्या मिठाचा धंदा बसेल, म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, अशी त्यातली आज्ञा. मीठ तेच, खारटपणाही तोच. पण ते कुठून आले यावरून त्याचा वर्ग वेगळा आणि दरही वेगळा. आजच्या बिल ऑफ एंट्रीत ‘मूळ देश’ हा रकाना भरताना मला हे पत्र अनेकदा आठवले. जकात म्हणजे नुसती वसुली नव्हे, वस्तू नीट ओळखण्याचे ते एक शास्त्र आहे, हे त्या पत्रात स्वच्छ दिसते.

आता आजची दरसूची. १९८३ मध्ये ब्रुसेल्सला देशोदेशींचा एक करार झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून तो अमलात आला. हार्मोनाइज्ड सिस्टिम असे त्याचे नाव. आपले लोक त्याला नुसते ‘एचएस’ किंवा ‘एचएसएन’ म्हणतात. भारताने त्याआधीच, १९८६ मध्ये, आपली १९७५ च्या कायद्याची दरसूची या साच्यावर आणली होती. जगातला सगळा माल ९७ प्रकरणांत बसवला आहे आणि त्यातले ७७ वे प्रकरण पुढच्या सोयीसाठी रिकामे ठेवले आहे. कोडचे पहिले दोन आकडे प्रकरणाचे, चार झाले की हेडिंग, सहा झाले की उपहेडिंग. हे सहा आकडे दोनशेहून अधिक देशांत व प्रदेशांत सारखेच असतात. पुढचे दोन आपल्या देशाचे. त्यामुळे कुडाळच्या एमआयडीसीतला माणूस आणि रॉटरडॅमचा अधिकारी एकमेकांची भाषा न जाणताही ८३०१ म्हटल्यावर एकाच वस्तूविषयी बोलत असतात. मला या गोष्टीचे आजही नवल वाटते.

८३ वे प्रकरण साध्या धातूंच्या किरकोळ वस्तूंचे आहे. साधा धातू म्हणजे सोने, चांदी, प्लॅटिनम या मौल्यवान मंडळींपलीकडचा : लोखंड, तांबे, जस्त, ॲल्युमिनियम आणि त्यांच्या मिश्रणातून होणारे पितळ वगैरे. या प्रकरणातले पहिलेच हेडिंग कुलपांचे. चावीची, आकड्यांची किंवा विजेवर चालणारी साध्या धातूची कुलपे, कुलूप बसवलेले खटके व चौकटी, आणि या सगळ्यांच्या चाव्या.

चला आता घराकडे.

पडवी ओलांडून पुढच्या दाराशी आलो. दारावर लोंबते ते पितळी कुलूप ८३०१ १० चे. तिथे ते पितळेचे की लोखंडाचे हे कुणी विचारत नाही. तांब्याच्या वस्तूंना ७४ वे प्रकरण आहे आणि पितळात तांबेच जास्त, म्हणून नवखा माणूस हटकून तिकडे जातो. पण कुलपाला नाव घेऊन वेगळी जागा दिली असल्याने धातूचे प्रकरण मागे पडते. आमच्या देवघराच्या पेटीसाठी आत्याने चांदीचा मुलामा दिलेले छोटे कुलूप आणले होते, तेही ८३०१ मध्येच राहील. मुलाम्याने पितळ चांदी होत नाही, हे दरसूचीलाही मान्य आहे. खरेच चांदीचे असते तर ते ७१ व्या प्रकरणात गेले असते. प्लॅस्टिकचे असते तर ३९ व्या.

कुलूप ज्यात अडकवले आहे ते कडी-कोयंडे ८३०१ चे नव्हेत, ते ८३०२ चे. बिजागऱ्याही तिकडच्याच. कडी-कोयंडा कुलपाला जागा देतो, स्वतः काही बंद ठेवत नाही. मात्र ज्या कोयंड्यातच चावीचे कुलूप घडवलेले असते तो ८३०१ मध्ये येतो. आतल्या बाजूची खिट्टी, वरखाली सरकणारे बोल्ट, हे चावीशिवाय चालतात, म्हणून ८३०२. मागच्या दाराचा अडसर फणसाच्या लाकडाचा आहे. गेली सत्तर वर्षे त्याने एकाही कुलपापेक्षा कमी काम केलेले नाही, तरी तो लाकूड म्हणून ४४ व्या प्रकरणात जाऊन बसतो.

इथे थोडे थांबायला हवे, कारण सगळ्यात जास्त घोळ मी इथेच पाहिला. आपण मराठीत ‘लॅच’ म्हणतो तेव्हा आपल्याला फ्लॅटच्या दाराचे, बाहेरून चावीने उघडणारे कुलूप अभिप्रेत असते. ‘लॅच ओढून ये’ म्हटले की पोर दार बंद करून येते आणि चावी आतच विसरते. दरसूचीच्या इंग्रजी शब्दांत मात्र लॅच म्हणजे चावी नसलेला साधा खटका आणि त्याची जागा ८३०२. शब्द एक, वस्तू दोन. माझ्याकडे एकदा एका आयातदाराचे कागद आले. इन्व्हॉइसवर ‘डोअर लॅच’ आणि कोड ८३०२. मी नमुना मागितला. खोक्यातून निघाले दणकट कुलूप, तीन चाव्यांसकट. त्याची जागा ८३०१ ४०, ‘इतर कुलपे’ ही. कागद वेळेत बदलले म्हणून निभावले. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली : नाव वाचायचे आणि मग ते बाजूला ठेवून विचारायचे, हे चावीने, आकड्यांनी किंवा विजेने अडते का? अडत असेल तर कुलूप. नुसते सरकवून, फिरवून, ढकलून बंद होत असेल तर ते दुसरे काहीतरी आहे, दुकानदार त्याला काहीही म्हणो.

पुढे माजघरात लोखंडी कपाट आहे. ते फर्निचर, ९४०३. त्याचे कुलूप त्यातच बसलेले आहे तोवर त्याला वेगळे नाव नाही. तेच कुलूप दुरुस्तीसाठी सुटे मागवले तर ८३०१ ३०. खळ्यात उभ्या राहणाऱ्या पुतण्याच्या मोटारीचेही तसेच. तिच्या दाराचे सुटे कुलूप ८७ व्या प्रकरणात गाडीचा भाग म्हणून जात नाही, ८३०१ २० मध्ये जाते. गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्याला हे पटवताना माझी पुष्कळ शक्ती खर्च झाली. ‘साहेब, हे गाडीशिवाय कशाला वापरणार?’ हा त्याचा सवाल बिनतोड वाटतो. उत्तर दरसूचीतल्या विभागांच्या टिपांमध्ये आहे. साध्या धातूच्या काही वस्तू ‘सर्वसाधारण वापराचे भाग’ म्हणून ठरवून दिल्या आहेत आणि कुलपे त्यांत आहेत. अशा वस्तू यंत्राच्या किंवा गाडीच्या प्रकरणात ओढून न्यायच्या नाहीत. सायकलच्या सुट्या कुलपालाही हाच न्याय.

आता कुलूपच उघडून पाहू. आतली पेटी, सरकणारा दांडा, चावी फिरते तो नळीसारखा भाग, हे वेगळे आयात केले तर ८३०१ ६०. पण त्याच कुलपाचे पोलादी स्क्रू ७३१८ मध्ये आणि पोलादी स्प्रिंग ७३२० मध्ये जातात, जरी त्या कुलपासाठीच बनवलेल्या असल्या तरी. म्हणजे टिपांचा नियम दोन्ही बाजूंनी चालतो. कुलूप गाडीत विरघळत नाही, स्क्रू कुलपात विरघळत नाही. मला या नियमात एक शिस्त दिसते आणि ती आवडते.

चाव्या. आजीच्या कमरेला जुडगा असायचा, अकरा चाव्यांचा. त्यांतल्या सहांची कुलपे केव्हाच नाहीशी झाली होती, तरी तिने चाव्या टाकल्या नाहीत. अंधारातही ती बोटांनी चाचपून कोठीची कुठली, पेटीची कुठली हे सांगे. कुणी ‘चावी खय आसा?’ विचारले की जुडगा आधी वाजे, मग ती बोले. कुलपाबरोबर आलेली चावी कुलपातच मोजली जाते. पण अशा एकट्या चाव्यांना दरसूचीने स्वतःची जागा दिली आहे, ८३०१ ७०. अजून दाते न पाडलेली कोरी चावीही तीच. मालवणच्या बाजारात चावी करून देणारा ज्या कोऱ्या पट्ट्या खिळ्याला लटकवून ठेवतो, त्या आकाराने चावीच झालेल्या असतात, फक्त त्यांना अजून दार ठाऊक नसते.

माळ्यावर आजोबांची गिरगावातून आलेली पत्र्याची ट्रंक आहे, ती ४२०२. बायकोच्या पर्सचा खटका चावीशिवायचा, म्हणून सुटा मागवला तर ८३०८. तोच खटका कुलपासह असता तर ८३०१ ५०.

कुलूप आणि सील यांतला फरकही लोक विसरतात. कंटेनरच्या दाराला लावलेले धातूचे सील ८३०९ मध्ये जाते. कुलूप उघडू देत नाही. सील कुणी उघडले तर ते सांगते, म्हणून एकदाच वापरता येते. बंदरात दोन्ही शेजारी शेजारी लटकत असतात आणि लांबून सारखीच दिसतात. बोटांच्या ठशांवर उघडणारी आजची कुलपे पाहून कुणी ८५ व्या प्रकरणाकडे, विजेच्या उपकरणांकडे, धावतो. हेडिंगच्या शब्दांतच विजेवर चालणारी कुलपे आहेत. त्यामुळे दाराला बसून दार अडवणारी ती वस्तू ८३०१ चीच.

सिंधुदुर्गातल्या वाचकाला याचा उपयोग काय, तर एक उदाहरण घेऊ. सावंतवाडीचे लाखकाम केलेले लाकडी दागिन्यांचे डबे परदेशी जातात. डब्याला छोटे पितळी कुलूप बसवलेले असेल तर अख्खी वस्तू लाकडी डबा म्हणून ४४२० मध्ये जाते, कारण गिऱ्हाईक डबा विकत घेतो. डब्यांबरोबर पन्नास कुलपे सुटी, बदली म्हणून पाठवली तर ती ८३०१ १० मध्ये वेगळी दाखवायची. इन्व्हॉइसवर एकाच ओळीत ‘डबे व कुलपे’ लिहून एकच कोड टाकला की शिपिंग बिल अडकू शकते, आणि निर्यातीवर परत मिळणारी रक्कमही चुकते, कारण ड्रॉबॅक आणि रोडटेप यांचे दर कोडवरच ठरतात. पोराचे खेळण्यातले लाकडी कुलूप पाठवले तर ९५०३. एका कारागिराच्या ओसरीतून तीन प्रकरणांचा माल निघतो तो असा.

आणखी एक गोष्ट मला या प्रस्तावनेत आवर्जून लिहायची आहे, कारण तिच्यात पैशांपेक्षा जास्त काही गुंतले आहे. आपल्या भागातले जुने वाडे पडत आहेत. त्यांच्या दारांची मोठी, हाताने घडवलेली कुलपे भंगारवाल्याकडे जातात, तिथून मुंबईच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत, आणि मग एखादा हौशी पाहुणा ती बाहेर न्यायला बघतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू दरसूचीत ८३०१ मध्ये राहत नाही, ती ९७०६ मध्ये, पुरावस्तूंत जाते. २०२२ च्या आवृत्तीत तर अडीचशे वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी वेगळे उपहेडिंग केले आहे. आणि इथे प्रश्न ड्युटीपुरता राहत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तो अधिकार केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेलाच आहे. म्हणजे ‘पितळी कुलूप, एक नग, ८३०१ १०’ असे निरागसपणे लिहिणारा माणूस नकळत कायदा मोडत असू शकतो. आपले लोक ही कुलपे किलोच्या भावाने देतात याचे मला दुःख होते. ती निदान ओळखता तरी यावीत.

पुस्तकात पुढे अर्थ लावण्याचे सहा सर्वसाधारण नियम येतील. त्यांची इथे पुनरुक्ती करत नाही. एवढेच सांगतो की पहिल्या नियमात नव्वद टक्के काम होते असा माझा अनुभव आहे : हेडिंगचे शब्द आणि विभागाच्या व प्रकरणाच्या टिपा. विभागांची व प्रकरणांची शीर्षके फक्त सोयीची असतात, त्यांना कायद्याचे बळ नाही. घाईने लोक तिसऱ्या नियमावर उडी मारतात, ‘वस्तूचा मूळ स्वभाव’ काय असा वाद घालतात, आणि उत्तर मात्र एका टिपेत निमूट पडलेले असते. एचएसवर ब्रुसेल्सहून निघणाऱ्या स्पष्टीकरणांचा आधार घ्यायला आपल्या न्यायालयांची मान्यता आहे. वुडक्राफ्ट प्रॉडक्ट्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भरवशाचा मार्गदर्शक मानले. तो वाद ब्लॉकबोर्डचा होता, पण त्याचा फायदा कुलूपवाल्यालाही होतो. ज्याला आधीच खात्री हवी असेल त्याला माल येण्यापूर्वी आगाऊ निर्णय मागता येतो, त्यासाठीचे प्राधिकरण मुंबईत बसते. २०११ पासून असेसमेंट आयातदाराने स्वतःच करायचे असते. त्यामुळे ‘ब्रोकरने कोड टाकला, मला काय माहीत’ हे उत्तर आता पुरत नाही. कमी ड्युटी भरली गेल्याचे पुढे निघाले तर साध्या चुकीत दोन वर्षांपर्यंत आणि लपवाछपवी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत मागे जाऊन नोटीस येऊ शकते.

हे सगळे मराठीत का, असे मला एका तरुण ब्रोकरने विचारले. दरसूची इंग्रजीत, इन्व्हॉइस इंग्रजीत, सॉफ्टवेअरही इंग्रजीत. माझे म्हणणे असे की वस्तू ओळखण्याचे काम माणूस आपल्या भाषेत करतो. कडी, कोयंडा, खिट्टी, अडसर, बिजागरी, कुलूप, टाळे, चावी, किल्ली : इतके बारीक भेद आपल्या सुतारांनी आणि आयांनी आधीच करून ठेवले आहेत. ८३०१ आणि ८३०२ मधली सीमारेषा माझ्या आजीला ठाऊक होती, फक्त आकडे ठाऊक नव्हते. ती रात्री विचारायची, ‘कडी घातलंस, पण कुलूप घातलंस मा?’ मधला तो ‘पण’ म्हणजेच पहिला नियम. लेखकाने हे शब्द पुस्तकात कसोशीने वापरले आहेत, इंग्रजीचे कलम करून नवे जडजंबाल शब्द घडवलेले नाहीत, म्हणून मी ही प्रस्तावना आनंदाने लिहिली.

वाचताना हाताशी एक जुने कुलूप ठेवावे, शक्यतो न चालणारे. पुस्तकाच्या पाचव्या प्रकरणाला आल्यावर ते खोलावे. झाकण काढले की स्प्रिंग उडते, ती टेबलाखाली शोधावी लागेल. ती सापडली की कागदावर लिहून काढावे : हा तुकडा ८३०१ ६०, हा स्क्रू ७३१८, ही स्प्रिंग ७३२०, आणि बाजूला पडलेली ही चावी, ८३०१ ७०.